भोजखालचा निवारा

"मग बाबा, ओळंबा मिळणार की नाही मला?"

"हात तर गरम होऊ दे आधी," बाबा म्हणाले.

ते निवाऱ्यात, दाराशी बसले होते. चहाचा पेला दोन्ही हातांत धरून बोटांत जीव यायची वाट पाहत होते. आवाज पार बसला होता. यशोधनला वाटलं, थंडी बाधली असावी.

बाहेर भोजखालची खिंड धुक्यात बुडाली होती. त्या उंचीवर झाड नाही की झुडूप नाही. वादळात सापडलेल्या मेंढपाळाला आडोशाला एखादा धोंडा मिळाला तरी नशीब म्हणायचं. अशा खिंडींमध्ये लहान लहान निवारे बांधत फिरणं हाच बाबांचा जप. एकेकाळी हा माणूस सांगलीकडे धरणं बांधणारा अभियंता होता. आता हिमालयातली माणसं त्यांना निवाराबाबा म्हणतात. त्यांच्यामुळे किती जण जगले, हे त्यांना विचारायची सोय नाही. विचारलंच तर उठून चालू लागतात.

यशोधन नाशिकचा वास्तुरचनाकार. बाबांकडे शिकायला आला तेव्हा स्वारीला स्वर्ग दोन बोटं उरला होता. पण पोरगा कामाचा. हा निवारा त्याने एकट्याने आखला होता आणि गावकऱ्यांना हाताशी धरून स्वतः दगड वाहून बांधला होता.

बाबांची एक रीत होती. शिष्याने बांधलेला निवारा ते लख्ख उन्हात कधीच बघत नसत. खिंड धुक्याने भरली, वारा सुटला, की एकटेच निघत. "उन्हात सगळ्यांचंच घर देखणं दिसतं," असं म्हणत. निवारा मनासारखा असला तर शिष्याच्या हातात भिंत सरळ आहे का ते बघायचा आपला पितळी ओळंबा ठेवत. ओळंबा मिळाला की पुढच्या खिंडीतला निवारा त्याने बांधायचा.

पुढच्या खिंडीत गेल्या हिवाळ्यात एक मेंढपाळ आणि त्याचा मुलगा गोठून गेले होते. यशोधनला ती खिंड हवी होती. थोडी नावासाठी, हे खरंच. पण त्या बापलेकांसाठी पुष्कळ.

"चल, दाखव," बाबा उठले.

यशोधनने दाखवायला सुरुवात केली. दोन दगडी भिंती, आणि त्यांच्या मधल्या पोकळीत दाबून भरलेली मेंढ्यांची लोकर. दक्षिणेला एकच काच. तिच्यातून दिवसभर ऊन आत येतं आणि काळी जमीन ते रात्रीसाठी राखून ठेवते. छपरावर भूर्जाची साल आणि तिच्यावर गवताची ढेकळं. श्वासापुरती हवा छपरातल्या वाकड्या नळीतून. लाकूड जाळायला नको, तेल नको. उद्या हे सगळं पडलं तरी काचेखेरीज सारं डोंगराचं डोंगरात मिसळेल.

बाबांनी भिंतीवर तळहात ठेवला. डोळे मिटले.

"गाईच्या पाठीसारखी ऊब आहे रे."

मग कान टेकवला. बराच वेळ तसेच उभे राहिले.

"वारा...?"

"उधाणलाय बाहेर."

"ऐकू येत नाही."

"येणारच नाही, बाबा! टाचणीएवढी फट ठेवलेली नाही कुठे."

"इतकी वर्षं बांधतोय," बाबा म्हणाले, "असली भिंत मला जमली नाही."

यशोधनच्या अंगावर मूठभर मांस चढलं. बाबा तोंडदेखलं बोलणाऱ्यांतले नव्हते. त्यांच्या डोळ्यांत खरोखरचं कौतुक होतं, आणि ते लपवायची त्यांना गरजही वाटत नव्हती. त्यांनी झोळीत हात घातला, ओळंबा काढला आणि त्याच्या हातावर ठेवला.

यशोधन पाया पडायला वाकला... आणि तसाच थबकला. बाबांच्या नडगीवर रक्त साकळलं होतं.

"हे काय लागलं?"

"आपटलो."

"कुठे?"

"तुझ्या भिंतीवर. मागच्या बाजूला."

"दिसली नाही?"

"धुक्यात माझा हात मला दिसत नव्हता. हाका मारल्या."

"कुणाला?"

"इथं दुसरं कोण होतं, लेका?"

यशोधनची नजर मागच्या भिंतीकडे गेली.

"मी तर आतच होतो, बाबा. तुमच्या वाटेकडेच कान लावून बसलो होतो..."

"ठाऊक आहे."

"खूप वेळ मारल्या?"

"गळा बसेपर्यंत. मग खालीच बसलो जरा. उठून पाऊल टाकलं तर हिच्यावर आपटलो. चाचपत चाचपत दाराशी आलो."

"आणि पाऊल दुसरीकडे पडलं असतं तर...?"

बाबांनी पेला उचलून तळाशी राहिलेला चहा संपवला.

यशोधनने ओळंबा पुढे केला.

"परत घ्या हा. माझी लायकी नाही."

"दिलेलं मी परत घेत नाही. आणि भिंत सुरेखच आहे."

"मग मी करू काय?"

बाबांनी हनुवटीने कोपऱ्यातल्या पहारीकडे खूण केली.

यशोधन पहारीकडे बघत राहिला. भिंतीतला एकेक दगड त्याने निवडून, घासून बसवला होता. त्याला रडू आलं, आणि ते त्याने पुसलंही नाही. पहार उचलली. "कुठे?" एवढंच विचारलं.

"मी जिथे आपटलो तिथे."

आतला दगड निघायला वेळ लागला. मग लोकर उपसली. मग बाहेरच्या दगडाला टोला दिला, आणि तो पलीकडे गडगडत गेला.

भसकन वारा आत शिरला. बर्फाची भुकटी चहाच्या भांड्यावर पडली, चहापुरता पेटवलेला स्टो फडफडून विझला. आतापर्यंत मुका असलेला डोंगर एकदम कानाशी येऊन बोलू लागला. यशोधनने नकळत पुढे होऊन भोकावर तळहात दाबून धरला.

"बाबा, सगळी थंडी आत येतेय!"

बाबांनी घोंगडी खांद्यावर ओढली, उठून त्या भोकासमोर येऊन बसले आणि यशोधनचा हात धरून अलगद बाजूला केला.

"येऊ दे, लेका. तिच्या मागून कुणीतरी येत असेल."