एका तासाची ऊब

घाटाखालच्या एका गावात अनसूया नावाची एक बाई होती. विजेच्या पेटीत अंडी उबवायची आणि पिल्लं विकायची. यंदा गावातल्या बायकांनी आपल्या गावरान कोंबड्यांची सगळी अंडी विश्वासानं तिच्या हवाली केली होती. पिल्लं दोन-तीन दिवसांतच बाहेर यायची होती, आणि नेमकी दवंडी आली: उद्या संध्याकाळी सहाला वीज जाणार, परवा दुपारी बाराला येणार. अठरा तास!

घरात मोठी बॅटरी होती. तिच्यावर लिहिलं होतं, चार हजार वॅट-तास. पेटीवर लिहिलं होतं, तासाला दोनशे किलोकॅलरी.

तिचा दीर दिनकर म्हणाला, "चार हजाराला दोनशेनं भागा. वीस तास! वहिनी, खुशाल झोपा."

अनसूयाला ते काही पटेना. दोन्ही मापं ऊर्जेचीच, पण एकच कुठं होती? लिटरला शेरानं भागून चालेल का?

"भावजी, या मापात ते माप किती बसतं, ते कळल्याशिवाय मी भागायची नाही."

"अहो, आता शाळा काढताय का?" दिनकर हसला. दारात जमलेल्या शेजारणीही हसल्या. अनसूया मात्र हट्टाला पेटली.

शाळेतलं एक वाक्य तिला पक्कं आठवत होतं: एक लिटर पाणी एका अंशानं तापवायला एक किलोकॅलरी लागते. तिनं बादलीत दहा लिटर पाणी मोजून घेतलं. पाणी तापवायचा हजार वॅटचा रॉड सहा मिनिटं चालवला, म्हणजे शंभर वॅट-तास झाले. पहिल्या खेपेला बादली उघडीच राहिली, वारा लागला, आकडा फसला. बाई हटली नाही. बादलीला पोतं गुंडाळलं, झाकण घातलं आणि पुन्हा तापवलं. दहा लिटर पाणी साडेआठ अंशांहून जरासं जास्त, ८.६ अंशांनी तापलं.

म्हणजे शंभर वॅट-तासांत शहाऐंशी किलोकॅलरीच! मग चार हजारांत भरल्या तीन हजार चारशे चाळीस. त्यांना दोनशेनं भागलं, तर जेमतेम सतरा तास.

"एक तास कमी पडला तर काय बिघडतंय?" दिनकर म्हणाला.

"ते अंड्यातल्या जिवाला विचारा," अनसूया म्हणाली, आणि गोधड्या, बाटल्या, सरपण गोळा करायला लागली.

ठरल्या वेळी वीज गेली. दुसऱ्या दिवशी अकरा वाजून गेले आणि बॅटरी संपली. पेटीचा दिवा विझला. दिनकरचा चेहरा खर्रकन उतरला. अनसूयानं पेटीवर गोधड्या टाकल्या, आत गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. दिनकर चुलीपाशी बसला आणि वीज येईपर्यंत पाणी तापवत राहिला. पेटीतल्या तापमापीचा पारा त्यांनी खाली येऊ दिला नाही.

पुढल्या सकाळी पेटीतून चिवचिव सुरू झाली. पहिलं ओलं पिल्लू दिनकरनं ओंजळीत घेतलं आणि म्हणाला, "वहिनी, माझ्या भागाकारानं हे मेलं असतं हो."

तात्पर्य: वेगवेगळी मापं आधी एका मापात आणावीत, मगच हिशेब मांडावा, लोक हसले तरी खात्री करून घेणं सोडू नये.