ऐनाच्या बुंध्यावर हात

कोकणातल्या एका देवराईत जितं झाड तोडायला बंदी होती. मेलेलं तोडायचं, तरी आधी राईची निगा राखणाऱ्या गोमा घाडीला बुंध्यावर हात ठेवून देवीसमोर ‘हे मेलं’ असं म्हणावं लागे.

तिथल्या थोरल्या ऐनाच्या झाडावर आप्पाजी खोतांचा डोळा होता. एका पावसाळ्यात ऐनाच्या मोडक्या फांदीच्या खुंटाला अळंब्या फुटल्या, आणि खोत कुऱ्हाडीवाले घेऊन हजर झाले.

“झाड आतून कुजलंय. म्हण मेलं! नाहीतर उद्यापासून राईत पाय ठेवू नकोस.”

गोमाचा उभा जन्म त्या राईत गेला होता. त्याने सावकाश विचारलं, “लाकूड कशाला हवं, धनी?”

“नव्या घराच्या आढ्याला. पाच पिढ्या हलायचं नाही!” खोत सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

गोमाने बाजूला होऊन बुंध्यासमोरची जागा मोकळी करून दिली. “कुजलंय म्हणता, आणि तेच नातवंडांच्या डोक्यावर घालता. यातलं खरं कुठलं, ते देवीसमोर हात ठेवून तुम्हीच सांगा, धनी. मी तेच म्हणतो.”

खोतांचा हात काही बुंध्याकडे गेला नाही. कुऱ्हाडी आल्या वाटेने परतल्या.

मग गोमाने कोयता काढला, आणि खरोखर मेला होता तो खुंट तेवढा छाटला.