न चाललेली माणसं

“आणि जे सहा महिन्यांनी चालायला आलेच नाहीत, त्यांचं काय केलंस?” उपासनीबाईंनी विचारलं.

“त्यांना धरलंच नाही, बाई. त्यांचा दुसरा आकडाच नाही, मग तुलना कशाशी करणार?” विश्राम खोडके हसून म्हणाला.



छातीच्या रोगांच्या त्या इस्पितळात बाईंनी डॉक्टर म्हणून उभा जन्म घालवला होता. डॉक्टर विश्राम त्यांचा सगळ्यात लाडका शिष्य, आणि सगळ्यात घमेंडखोरही. पोरगा हुशार, त्यात वादच नाही. पण आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच लवकर कळलं होतं.

आजार मोठा वाईट. हृदयाकडून फुप्फुसांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढत जातो आणि धडधाकट माणसाला चार पावलांत धाप लागते. नव्या गोळीनं किती फरक पडतो, हे विश्रामनं इस्पितळाच्या जुन्या रुग्णांवरून काढलं होतं. रीत साधी. गोळी सुरू करताना रुग्णाला व्हरांड्यात सहा मिनिटं चालवायचं, अंतर मोजायचं. सहा महिन्यांनी पुन्हा चालवायचं. अंतर चांगलं घसघशीत वाढलेलं निघालं. हैदराबादच्या परिषदेत निबंध वाचायचं बोलावणं आलं, आणि स्वारीचे पाय जमिनीवर ठरेनात.

तेवढ्यावर भागलं असतं तर काय हवं होतं! पण याच निष्कर्षाच्या भरवशावर त्यानं जतच्या शेवंता ढोलेला थांबवलं होतं. तिशीही न गाठलेली पोर. फुप्फुस बदलण्यासाठी हिचं नाव आत्ताच चेन्नईच्या इस्पितळाकडे पाठवू या, असं बाई उन्हाळ्यात म्हणाल्या होत्या. मग त्या स्वतःच आजारी पडून घरी बसल्या. इकडे विश्रामनं शेवंताच्या नवऱ्याला समजावलं की एवढी मोठी चिरफाड कशाला, गोळी घेणारे सुधारतात, दिवाळीपर्यंत वाट बघा. नवरा बिचारा त्याच्या पाया पडला होता.

बाई कालच पुन्हा कामावर आल्या होत्या.

“चल,” त्या म्हणाल्या.

व्हरांड्याच्या टोकाला शेवंता खुर्चीत बसली होती. नाकाला ऑक्सिजनची नळी, ओठ निळसर, पाय सुजलेले. आज तिची दुसरी चाचणी होती. ती उठायला गेली आणि तशीच मटकन खाली बसली. नवऱ्यानं, दाजीबानं, तिचा खांदा घट्ट धरला.

काय लिहू, असं सिस्टरनं विचारलं.

“काही लिहू नका,” विश्राम सवयीनं म्हणाला. “आज चालणं झालंच नाही...”

बोलून गेला, आणि सिस्टरच्या वहीतल्या कोऱ्या रकान्याकडे बघत राहिला.

हे वाक्य त्याच्या तोंडातलं रोजचं होतं. जे सुधारले ते चालले, आणि त्यांचं अंतर त्यानं मिरवलं. जे खालावले ते असेच बसून राहिले, नाहीतर घरी अंथरुणाला खिळले, नाहीतर थेट मसणात गेले. त्या सगळ्यांना त्यानं स्वतःच्या हातानं बाजूला सारलं होतं. गोळी चांगली ठरणार नाही तर काय!

बाई रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

“बाई... त्यांतले किती गेले असतील?”

“तू शोधलं नाहीस.”

गोळी लागू पडतेय ना, असं दाजीबानं हळूच विचारलं. विश्रामला त्याच्याकडे बघवेना. त्यानं घाईघाईनं फोन काढला. नाव आत्ताच पाठवतो, चेन्नईला बोलतो, असं काहीबाही पुटपुटला. या अवस्थेत ती शस्त्रक्रिया सोसणं कठीण आहे, हे त्याला ठाऊक होतं, आणि ते त्याला स्वतःशीही बोलायचं नव्हतं.

शेवंता काहीतरी सांगू पाहत होती. एक शब्द आला, पुढचा धापेत अडकला...

“हो हो, ताई, बघतो मी सगळं,” असं म्हणून विश्राम वळला.

बाईंनी त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

“नाव मी पाठवते. तू खाली बस. तिचं बोलणं पुरं होईपर्यंत उठू नकोस.”