डोहातलं सूनमुख

माणसांनी आरसे करायच्याही आधी वानरांकडे सूनमुख डोहाच्या पाण्यात बघायचे.

नवी नवरी रेशी मान खाली घालून काठावर बसली. शेजारी सासू हुपाबाई टेकली. अख्खी टोळी फांद्यांवर नाचत होती. पण हुपाबाईला हल्ली बारीक ताप असायचा, अंगात त्राण नसायचं. उंबरं संपली की टोळी दरी ओलांडणार होती आणि तिला ती उडी झेपणार नव्हती. छातीला लेप लावले, पायांना पाला बांधला, गुण काही येईना.

"अगं, लाजतेस काय? बघ की सासूबाईंकडे!" जावा ओरडल्या.

रेशीनं पाण्यात बघितलं. हुपाबाई हसली आणि तिच्या सुजलेल्या हिरडीतून रक्ताचा थेंब टपकन डोहात पडला. लाली हां हां म्हणता पसरत गेली. रेशीनं झटकन मान वर केली. सापडलं!

"सासूबाई, दुखणं तोंडात आहे! हिरड्यांतली घाण रक्तात उतरून अंगभर फिरतेय!"



"पहिल्याच दिवशी एवढी जीभ? तोंड सांभाळ, सूनबाई!" हुपाबाई कडाडली.

"तेच म्हणतेय मी. तोंड सांभाळा, सासूबाई," म्हणत रेशीनं कडुनिंबाची काडी पुढे केली.

हुपाबाईनं ती रागारागानं चावली. मग रोजच चावू लागली, अर्थात सुनेची पाठ वळल्यावर. हिरड्यांची सूज उतरली, मागोमाग तापही हटला.

उंबरं संपली. दरीवर पहिली झेप हुपाबाईनंच घेतली, तोंडात काडी धरून! टोळीनं एकच हुपहुपाट केला.

तेव्हापासून त्या टोळीत सूनमुखाच्या आधी सासूमुख बघतात.