खोक्यातल्या कॉइलचा जोर

दूध संघाचे चेअरमन अमृतराव एकदा बोलले की बोलले. संघाचा पंधरा वर्षांचा सीएनजी ट्रक घाटात धापा टाकायला लागला, तशी त्यांनी प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या भारीतल्या इग्निशन कॉइल मागवल्या आणि खोकं सदबा मिस्त्रीपुढे आदळलं.

"बसव ह्या. उद्या मी स्वतः घाट चढून बघणार. नाही चढला, तर ट्रक भंगारात!"

ट्रक सदबाच्या हाताखाली वाढलेला. त्याने जुन्या कॉइल तपासल्या, तर ठिणगी अजून कडक पडत होती. झिजले होते प्लग, आणि वायरी तडकल्या होत्या.

"साहेब, कॉइल चांगल्या आहेत, फक्त..."

"मला शिकवतोस?"

सदबाने प्लग आणि वायरी तेवढ्या बदलल्या.

सकाळी सदबा स्टिअरिंगवर आणि अमृतराव शेजारी. दुधाने भरलेला ट्रक एकदाही न अडखळता माथ्यावर पोचला. अमृतरावांनी मिशीवर हात फिरवला.

"बघितलंस? ह्याला म्हणतात कॉइल!"

सदबाने सीटखालून खोकं काढलं. सील जसंच्या तसं होतं.

"साहेब, हळदकुंकू लागल्याशिवाय नवा पार्ट आम्ही गाडीला लावत नाही. म्हटलं, पूजा तुमच्याच हातून व्हावी. पण खोक्यात बसूनच ह्या एवढा जोर लावतायत, तर बाहेर काढायच्या कशाला?"

अमृतरावांनी सीलवर बोट फिरवून बघितलं. मग खो खो हसत म्हणाले, "खोकं परत पाठव. आणि हळदकुंकू ह्या म्हाताऱ्या ट्रकलाच लाव!"