मोहाखाली झाडणारे अस्वल

पूर्वी वाळवंटाच्या कडेला शमीपूर नगरात राजा सुदर्भ राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने जवळच्या डोंगरात काळ्या अस्वलाचा जन्म घेतला होता. तो डोंगर दुरून पाहणाऱ्याला नुसता दगडांचा ढीग वाटे. बोधिसत्त्वाला मात्र त्याचे सारे वर्ष पाठ होते. हिवाळ्यात बोरे. चैत्रात मोहाची फुले. वैशाख-ज्येष्ठात ओढ्याच्या कोरड्या पात्रातली पिलू नावाच्या झुडपाची लाल फळे आणि शमीच्या शेंगा. पहिल्या सरींनी वारुळे मऊ झाली की वाळवी. पावसाळा सरला की झऱ्यावरचे उंबर. ऊन चढले की अस्वले कपारींच्या गारव्यात निजत आणि उतरले की चरायला निघत. एक झाड संपेपर्यंत दुसरे पिकत असे. त्यातले एकही गेले, तर मधला महिना उपाशी जाई.

डोंगराखाली पाषाणग्राम नावाचे गाव होते. तिथले लोक चैत्रात मोहाची फुले वेचून सुकवीत आणि पुढे बरेच दिवस त्यांवर राहत. वेचण्याआधी झाडाखालचा पाचोळा पेटवायचा अशी त्यांची रीत होती, कारण काळ्या राखेवर पिवळी फुले लांबूनही दिसतात. शिवाय, न जाळल्यास मोह रुसतो आणि फुलत नाही, असे ते मानीत.

मागच्या चैत्रात ती आग वाऱ्याने दक्षिणेच्या दरीत उतरली. तिथली पिलूची सगळी झुडपे कोळसा झाली. ज्येष्ठात त्या बाजूची तीन अस्वले अन्नाच्या शोधात वाळवंटात गेली. ती परतली नाहीत.

त्यानंतरचा पावसाळाही कोरडा गेला. आता चैत्र तोंडावर आला होता आणि हिरवी अशी एकच घळ उरली होती. तिच्यात झरा होता, उंबर होते, पिलू होते आणि काठाकाठाने मोहाची बारा झाडे होती. ही घळ जळाली, तर अस्वलांना या डोंगरात पुढचा पावसाळा दिसणार नव्हता.

कर्बुर नावाचे तरुण अस्वल म्हणाले, "काका, माणसं चढून येतील तेव्हा आपण खडकाआड दबा धरू. दोघांना फाडलं की बाकीची पुन्हा येणार नाहीत."

"ती भुकेनं येतात, कर्बुरा. आपणही भुकेनंच बाहेर पडतो."

"मग काय करायचं?"

"ती पाचोळा जाळतात. पाचोळाच नसला तर काय जाळतील?"

दुसऱ्या पहाटेपासून बोधिसत्त्व मोहाखालची पाने पंजांनी ओढून उघड्या खडकावर नेऊन टाकू लागला. मोहाची पानगळ चालूच होती. सकाळी झाडलेली जमीन दुपारी पुन्हा भरे. वारा सुटला की खडकावरची पानेही परत येत. कर्बुर सावलीत बसून हसे.

"काका, आता वाऱ्यालाही झाडून टाका ना एकदा."

"वाऱ्याचं त्यानं बघावं. मी माझं झाडतो."

"आणि हे कधी संपणार?"

"पानं गळायची थांबली की."

सतरा दिवसांत त्याच्या पंजांची कातडी सोलून निघाली. खडकावर रक्ताचे ठसे उमटू लागले. तरी त्याने एकही पहाट चुकवली नाही. पानगळ ओसरत आली आणि अठराव्या दिवशी अकरा झाडांखाली स्वच्छ माती होती. झऱ्याजवळचा सर्वांत मोठा मोह तेवढा उरला होता, आणि त्याच सकाळी पाषाणग्रामचे लोक टोपल्या घेऊन वर आले. पुढे विपुला नावाची वृद्ध स्त्री होती. तिच्या हातात निखाऱ्यांचे मडके होते. तिच्यामागे तिचा जावई सुबल भाला घेऊन चालत होता.

झाडलेली जमीन आणि तिच्यावर पडलेली टपोरी फुले पाहून लोक बुचकळ्यात पडले.

"हे कुणी झाडलं? यक्षानं?" सुबलने विचारले.

"यक्षाला कशाला हवीत ही कामं," विपुला म्हणाली. "आणि न जाळता फुललाय की रे मोह. यंदा रुसला नाही वाटतं."

तेवढ्यात त्यांना मोठ्या मोहाखाली बोधिसत्त्व दिसला. माणसांचा वास त्याला आधीच आला होता. पळून जाण्याइतका वेळही होता. पण पाचोळा अजून अर्धा बाकी होता. तो झाडत राहिला. सुबलने भाला उचलला.

"थांब," विपुला म्हणाली. "आधी ते काय करतंय ते तर बघ. माझ्या सुनेपेक्षा नीट झाडतंय."

मग बोधिसत्त्व थांबला आणि मनुष्यवाणीने बोलला, "माते, फुलं न्या, ती तुम्हा-आम्हा दोघांना पुरतील. पण त्या मडक्यातली आग इथं ठेवलीत, तर ती फक्त पानं खाणार नाही. ज्येष्ठातलं पिलू खाईल, शरदातलं उंबर खाईल. मोहाची रोपं खाईल, मग तुमच्या नातवंडांना वेचायला झाड राहणार नाही. आणि फुलं संपल्यावर पोरं उपाशी राहिली, तर त्यांना घेऊन या. कोणत्या महिन्यात काय पिकतं, ते मी दाखवीन."

विपुलाने त्याच्या पंजांकडे पाहिले. तिने मडके खाली ठेवले आणि ओंजळीने त्यात वाळू भरली. शेवटचा निखारा विझला, तेव्हा तिने झुडपाची एक फांदी मोडली आणि मोहाची उरलेली बाजू झाडू लागली. थोड्या वेळाने सुबलने भाला खडकाला टेकवला. खडकाआडून बाहेर आलेला कर्बुर खाली मान घालून पाने ओढू लागला.

त्या ज्येष्ठात पाषाणग्रामची मुले अस्वलांच्या मागोमाग पिलू आणि शमीच्या शेंगा वेचीत फिरली. गावात त्या वर्षी कोणी भुकेने मेले नाही. पुढे तिथे मोहाखाली आग लावणे बंद झाले. प्रत्येक झाडाची एक बाजू लोक न वेचता सोडून देत आणि तिला अस्वलाची बाजू म्हणत.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा नंदिल नावाच्या भिक्षूला सांगितली. विहाराचे अंगण झाडले तरी पाने पुन्हा पडतात, मग झाडायचे कशाला, असे म्हणून त्याने त्या दिवशी झाडू टाकून दिला होता. शास्ते म्हणाले, "त्या वेळी भाला उचलणारा सुबल म्हणजे आज आपल्याला रोज भिक्षा वाढणारा लोहार. विपुला म्हणजे वृद्ध भिक्षुणी शीलवती. सावलीत बसून हसणारा कर्बुर तू होतास, नंदिला, आणि ते अस्वल मी होतो. घेतलेला निश्चय फळ दिसण्याआधीही न सोडणे, याला अधिष्ठान म्हणतात."

नंदिल उठला. अंगणात पाने पडतच होती. त्याने झाडू उचलला.