मूळ खात्याचा पोशाख

“उद्या दुपारपर्यंत मूळ खात्याला माझ्या इतमामाला शोभेल असं शेल लाव. आणि संकटात ते क्षणभरही अडता कामा नये. नाही जमलं तर गगनपूरची हद्द सोड!” रणधवल महाराजांनी हौसाला फर्मावले.

हौसा कुंभाराची लेक. राजवाड्यातला संगणक तीच सांभाळायची. वेशीचे दरवाजे, तलावाची दारे, धान्याची कोठारे, सगळे त्यावर चाले. तो बिघडला की दुरुस्तीसाठी मूळ खाते उघडायचे, कारण त्या खात्याला कशाचीच मनाई नसते. शेल म्हणजे त्या खात्याच्या दारातला चोपदार. आपण हुकूम टाइप करायचा, त्याने तो आत पोचवायचा. इतके साधे काम. पण साध्या कामात राजेलोकांचे मन रमत नाही.

हौसाने मूळ खात्याला जुने, साधे शेल लावले होते. काळा पडदा, त्यावर एक चिन्ह, बस्स. ते दिवाण बाबाजीपंतांच्या नजरेस पडले आणि राज्यापुढचे बाकीचे सगळे प्रश्न मागे पडले.

“महाराजांच्या खात्याला हे भिकारडं शेल?” दिवाणजी कळवळले. “माझ्याकडे भरजरी आहे. रंगीत अक्षरं, आधी संपूर्ण बिरुदावली, मग हुकूम!”

“ते राहतं दुसऱ्या डिस्कवर, दिवाणजी,” हौसा म्हणाली. “ती डिस्कच बंद पडली तर मूळ खातं उघडायचं कसं? साधं शेल यंत्रणेच्या पोटातच असतं.”

“डिस्कची काय बिशाद, महाराजांच्या राज्यात बंद पडायची?”

दरबाराने माना डोलावल्या. संगणकाचे ज्ञान दरबारात भरपूर होते. संगणक तेवढा कुणी पाहिला नव्हता.

त्यानंतरच महाराजांचे ते फर्मान सुटले होते. हौसाचे आईबाप, घर, भट्टी, सगळे गगनपुरातच. ती हात जोडून म्हणाली, “महाराज, त्याआधी मला एक परीक्षा घेऊ द्या. कधी आणि कशी, ते मात्र विचारू नका.”

“घे,” महाराज म्हणाले. परीक्षा शेलची असणार, असे ते धरून चालले.

दुसऱ्या दिवशी सकाळी महाराज न्हाणीघरात तेल चोळून घेत होते, तोच धोक्याची घंटा घणघणली. “आग! आग!”

महाराज पंचा सावरत, तेल निथळत, थेट अंगणात आले. मागोमाग राणीसाहेब, आचारी, पहारेकरी. समोर घंटेची दोरी धरून हौसा उभी.

“कुठे आहे आग?”

“आग नाही, महाराज. परीक्षा आहे. आपणच परवानगी दिलीत.”

“राजाला पंच्यावर पळवतेस?” महाराज कडाडले.

हौसाने घंटेची दोरी सोडली. “मुकुट शेजारच्याच खोलीत होता. जरीचा अंगरखाही होता. घालून का नाही आलात?”

“आग लागल्यावर मुकुट कोण घालत बसतो?”

“मूळ खातंही आग लागल्यावरच उघडायचं असतं, महाराज.”

महाराजांनी जमलेल्यांवर नजर फिरवली. “दिवाणजी कुठे आहेत?”

तेवढ्यात माडीवरच्या खिडकीतून अर्धी पगडी डोकावली. “आलोच महाराज! फक्त तुरा खोवायचा राहिलाय!”

“पाहिलंत?” हौसा म्हणाली. “इतमाम भरपूर आहे. पण दिवाणजी अजून आतच आहेत.”

महाराज इतके हसले की पंचा दोन्ही हातांनी धरावा लागला. “साधंच शेल राहू दे! आजपासून राज्याची संगणकाधिकारी हौसा. आणि ते भरजरी दिवाणजींच्या खात्याला लाव. त्यांना कसलीच घाई नसते.”